प्रसन्न व्यक्तिमत्त्व आवश्यक

नरडाण्याच्या फाट्यावर विजेच्या खांबांना पाट्या लटकलेल्या असतात. मुंबई-आग्रा महामार्गानं धुळ्याहून शिरपूरकडे सुसाट निघालेल्याला त्या वाचायची सवड नसते; आम्हाला असते. वर ठळक अक्षरांत ‘पाहिजेत’ आणि खाली यादी. हेल्पर, ऑपरेटर, पॅकिंगसाठी महिला, टॅली येणारा अकाउंटंट, सिक्युरिटी गार्ड. एमआयडीसी आल्यापासून गावाला हे फुकटचं वाचनालय मिळालं आहे. शिक्षण किती, अनुभव किती, वय किती, जवळ राहणाऱ्यास प्राधान्य, स्वतःची दुचाकी असल्यास उत्तम, सगळं लिहिलेलं असतं. गाडी कशी हवी ते कळतं, माणूस कसा हवा ते मात्र कुणी लिहीत नाही. फार तर शेवटी एक ओळ असते: ‘प्रसन्न व्यक्तिमत्त्व आवश्यक.’ ही प्रसन्नता किलोत मोजतात, हे मुलाखतीला गेल्यावरच समजतं.

नरडाणा तसं आडवळणाचं गाव नव्हे. एका अंगाला महामार्ग, दुसऱ्या अंगाला सुरत-भुसावळ लोहमार्ग. शिंदखेड्याकडून येणारी पॅसेंजर इथं दम घेते आणि बेटावदवरून अमळनेरकडे जाते. बोरविहीर-नरडाणा नव्या मार्गाचं काम निघाल्यापासून तर आमच्याकडची मंडळी आत्ताच जंक्शनवाल्यांच्या रुबाबात चहा पितात. एवढी दळणवळणाची सोय असल्यावर गावात नवनवे शब्द येणारच. ‘रिझ्युम’ आला, ‘एचआर’ आला, ‘फ्रंट ऑफिस’ आलं. त्यांच्या मागोमाग माणसाकडे वरपासून खालपर्यंत एकदा पाहून घ्यायची एक नवी नजरही आली. तशी नजर पूर्वी आमच्याकडे फक्त बैलबाजारात आणि मुलगी पाहायच्या कार्यक्रमात वापरत.

आमच्या गल्लीतली एक मुलगी अशाच एका फ्रंट ऑफिसच्या मुलाखतीला गेली. बी.कॉम. झालेली, एमएस-सीआयटी केलेलं, टॅली येतं, मराठी-हिंदी-अहिराणी तिन्ही भाषांत समोरच्याला गप्प बसवते. अंगानं भरलेली आहे. काम काय, तर खुर्चीत बसायचं, फोन घ्यायचा, आलेल्याचं नाव वहीत लिहायचं. साहेब सज्जन होते. चहा मागवला, बिस्किटं पुढे केली. आता जाड माणसानं मुलाखतीत बिस्कीट उचलावं की नाही, हा मोठा पेच आहे. उचललं तर तो पुरावा होतो. नाही उचललं तर ‘डाएट चालू आहे वाटतं?’ अशी मायाळू चौकशी होते. तिनं नुसता चहा घेतला. मग साहेबांनी विचारलं, ‘इथं दिवसभर धावपळ असते, झेपेल ना?’ धावपळ फोनची होती, तिची नव्हे. पण तिनं ‘हो सर’ म्हटलं. साहेब ‘कळवतो’ म्हणाले, आणि जे कळायचं ते तिला तिथंच कळलं.

घरी आल्यावर तिच्या आजीनं सगळी हकिगत ऐकून घेतली. आजीनं उभ्या आयुष्यात निंदणी-खुरपणी, कापूस वेचणी आणि चार पोरांची लग्नं एवढी कामं केली, पण मुलाखत एकाही कामासाठी दिली नाही. ती म्हणाली, ‘काम हात करतस, पोट थोडंच करस!’ आणि नातीच्या ताटात आणखी अर्धी कळण्याची भाकरी वाढली. माणसं निवडण्याच्या शास्त्रावर इतकं नेमकं वाक्य मी अजून ऐकलेलं नाही.

त्याच गल्लीत याच्या नेमकं उलट दुखणंही आहे. भरतीची तयारी करणारी पोरं. पहाटे महामार्गाच्या कडेनं पळताना दिसतात ती हीच. पोलीस भरतीत मुलांना उंची १६५ सेंटिमीटर, छाती न फुगवता ७९ आणि फुगवून ५ सेंटिमीटर जास्त. मुलींना उंची १५५. लष्कराच्या भरतीत उंचीच्या आणि वयाच्या प्रमाणात वजनही बघतात. मग बारीक अंगकाठीच्या पोराची वैद्यकीय तपासणी जवळ आली की सगळं घर त्याला भरवायला लागतं. खान्देशात या कामी केळ्याला तोड नाही. जळगावच्या केळ्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते चवीसाठी आणि गुणांसाठी. पण मोजणीच्या दिवशी सकाळी काट्यावर चढण्यापूर्वी अर्धा डझन केळी आणि वर तांब्याभर पाणी पोटात घेऊन उभ्या राहिलेल्या पोरांनी त्या केळ्याची जी सेवा केली आहे, तिची नोंद कोणत्याच मानांकनात नाही. एखादा पोरगा काट्यावरून उतरेपर्यंत श्वासदेखील सोडत नाही. आपल्या श्वासाचं वजन किती, हे त्याला कुठल्याच शिक्षकानं शिकवलेलं नसतं. पण खबरदारी म्हणून.

तरी भरतीचं मला एक आवडतं. तिथं जे काही आहे ते लिहिलेलं आहे. पोरांना १६०० मीटर आणि पोरींना ८०० मीटर पळायचं, गोळा टाकायचा, घड्याळ सांगेल तेवढे गुण घ्यायचे. मैदानात ‘तुला झेपेल का’ असं कुणी विचारत नाही, ‘पळ’ म्हणतात. पळाला तर झेपलं. ठरलेल्या उंचीत अर्धा सेंटिमीटर कमी पडून घरी आलेला पोरगाही आठवडाभर रडतो, मग कामाला लागतो. कारण आपण कशात पडलो हे त्याला ठाऊक असतं. फ्रंट ऑफिसमधून परतलेल्या पोरीला ते ठाऊक नसतं. तिला फक्त शंका असते, आणि शंका घेऊन ती पुढच्या मुलाखतीला जाते.

आमच्या जुन्या खान्देशात उलटा न्याय होता, असं म्हणायला हरकत नाही. गादीवर लोडाला टेकून बसलेला शेठ जितका ऐसपैस, तितकी पेढीची पत मोठी. सडपातळ सावकाराकडे कर्ज मागायला जाताना माणूस कचरायचा. याचंच भागत नाही तर आपल्याला काय देणार? लग्नाच्या पंगतीला आचारी ठरवताना तर पोट बघूनच विडा द्यायचे. वांग्याचं भरीत, शेवभाजी, खापरावरची पुरणपोळी करणारा माणूस हाडकुळा निघाला, तर तो स्वतःच्या हातचं खात नसावा, असा संशय यायचा. म्हणजे पूर्वी हाडकुळ्या आचाऱ्यावर अन्याय होत होता, आता भरलेल्या मुलीवर होतो. काळ बदलला म्हणतात तो इतकाच बदलला. अंदाज बांधायचा आळस तसाच राहिला.

हा आळस फक्त नरडाण्यात आहे असं वाटून कुणी शरमेनं मान खाली घालू नये. तो ढगांवरूनही उडतो. एअर इंडियात हवाई सुंदरींना एकेकाळी पस्तिसाव्या वर्षी, नोकरीच्या पहिल्या ४ वर्षांत लग्न केल्यास, किंवा पहिल्यांदा गरोदर राहिल्यास, यांतलं जे आधी होईल तेव्हा घरी बसावं लागे. नर्गेश मिर्झा यांच्या खटल्यात १९८१ साली सर्वोच्च न्यायालयानं त्यातली गरोदरपणाची अट रद्द केली. लग्नाची अट मात्र राहू दिली. पुढे पाळी वजनाची आली. वजन जास्त म्हणून जमिनीवर बसवलेल्या हवाई सुंदरी दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, तिथं निकाल कंपनीच्या बाजूनं लागला, आणि २००९ च्या जानेवारीत दहाएक जणींना नोकरीवरून काढण्यात आलं. २०१४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं विमानातल्या कर्मचाऱ्यांसाठी बॉडी मास इंडेक्सचे आकडे ठरवून दिले: पुरुषांना १८ ते २५, बायकांना १८ ते २२. दुसऱ्याच वर्षी एअर इंडियातल्या सव्वाशेच्या आसपास कर्मचाऱ्यांना त्या आकड्यांपायी विमानातून उतरवायची बातमी आली.

हा बॉडी मास इंडेक्स म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. १५५ सेंटिमीटर उंचीच्या बाईला २२ चा आकडा लावला, तर तिचं वजन जेमतेम ५३ किलो भरलं पाहिजे. तेवढ्याच उंचीचा पुरुष घेतला आणि त्याला २५ लावले, तर तो ६० किलोंपर्यंत निर्धास्त. उंची तीच, विमान तेच, चहाची ढकलगाडीही तीच. पण पुरुषाच्या जादा ७ किलोंनी विमानाला काही होत नाही, बाईच्या ७ किलोंनी होतं. विमानाला बाई-पुरुष कळतात, हे मला त्या दिवशी कळलं.

कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे. अपघात झाला तर दीड मिनिटात विमान रिकामं करायचं असतं, अरुंद वाटेनं धावायचं असतं, दार उघडायचं असतं, घसरगुंडीवरून माणसं उतरवायची असतात. हे सगळं खरं आहे आणि ते जमलंच पाहिजे. मग तेच करून दाखवायला सांगा की. दार उघडून दाखव, वाटेनं पळून दाखव, घड्याळ लावतो. ५४ किलोंच्या बाईला दार उघडता येत नाही आणि ५२ किलोंच्या बाईला ते येतंच, असं काट्याला कुणी शिकवलं?

गंमत म्हणजे ज्या माणसानं हा भागाकार शोधला, त्याच्या मनात नोकरी द्यायचं-घ्यायचं काही नव्हतं. ॲडॉल्फ केतले हा बेल्जियमचा खगोलशास्त्रज्ञ. आकाशातल्या ताऱ्यांची मोजदाद करता करता त्याला माणसांची सरासरी काढायचा छंद लागला. १८३२ च्या सुमाराला त्यानं उंची-वजनाचं हे नातं मांडलं, ते हजारो माणसांतून ‘सरासरी माणूस’ शोधण्यासाठी. एकेका माणसाची प्रकृती ठरवणं हा त्याचा हेतू नव्हता. ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव तर १९७२ मध्ये अमेरिकेतल्या ॲन्सेल कीज यांनी दिलं. ताऱ्यांकडे बघणाऱ्याचं गणित शेवटी येऊन थांबलं ते नरडाण्याच्या मुलाखतीत. आणि इथं तर ते कुणी करतही नाही, डोळ्यांनीच उरकतात.

डोळ्यांनी उरकलेल्या हिशोबाचं एक जाहीर उदाहरण आपल्या मुंबईतच घडलं. २१ फेब्रुवारी २०१७, मुंबई महापालिकेच्या मतदानाचा दिवस. एका नामवंत लेखिकेनं एका अतिशय स्थूल पोलीस अधिकाऱ्याचा फोटो ट्विटरवर टाकला आणि आज मुंबईत ‘भारी’ बंदोबस्त असल्याचा विनोद केला. लोक पोट धरून हसले. मग मुंबई पोलिसांनी नम्रपणे कळवलं की, हा गणवेश आमचा नाही. ते गृहस्थ मध्य प्रदेश पोलिसांतले निरीक्षक निघाले, आणि आपलं वजन खाण्यानं नव्हे तर आजारपणानं वाढलं आहे, असं त्यांनी सांगितलं. पुढे मुंबईतल्याच एका डॉक्टरांनी त्यांच्यावर विनामूल्य शस्त्रक्रिया केली. शेवट गोड झाला. पण ज्यांनी हसून घेतलं, त्यांच्यापैकी या माणसानं इतकी वर्षं नोकरी कशी निभावली असेल, असं किती जणांच्या मनात आलं असेल?

आपल्याकडे जातीवरून, धर्मावरून नोकरी नाकारली तर निदान तोंड लपवावं लागतं. राज्यघटनेच्या सोळाव्या कलमात सरकारी नोकरीत कशाकशावरून भेदभाव करायचा नाही ते सांगितलं आहे: धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान, निवासस्थान. या सातांत वजन नाही, आणि खाजगी कारखान्याला तर हे कलम लागूच नाही. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यानं १९७६ च्या कायद्यातच उंची आणि वजन घालून ठेवलं. न्यूयॉर्क शहरानं तसा कायदा केला तो २०२३ मध्ये. तरी कायदे झाले म्हणून मनं बदलतात असं नाही. तेव्हा हार्वर्ड विद्यापीठात असलेल्या टेसा चार्ल्सवर्थ आणि मूळच्या सिकंदराबादच्या माहझरीन बानाजी यांनी लाखो लोकांनी दिलेल्या चाचण्या तपासल्या. २००७ ते २०१६ या काळात वंशाबद्दलचे, समलिंगी माणसांबद्दलचे छुपे पूर्वग्रह कमी होत गेले. जाड माणसांबद्दलचा छुपा पूर्वग्रह मात्र तेवढ्याच काळात वाढला. कारण सोपं असावं. जात कुणी निवडून घेत नाही हे आता बहुतेकांना पटलंय. जाडी मात्र माणसानं स्वतःच्या हातानं, घासाघासानं कमावलेली असते, अशी आपली ठाम समजूत आहे. थायरॉइड, गोळ्या, बाळंतपण, रात्रपाळी, घराण्यातून आलेलं हाडपेर यांची मोजणी आपण घासांतच करतो. त्यामुळे जाड माणूस म्हणजे आळशी, हावरट आणि मनानं कच्चा, एवढी जन्मपत्रिका त्याच्या पोटावरून वाचली जाते. ज्योतिषी निदान हात तरी बघतो.

यातून सुटतो एकच माणूस, तो म्हणजे मालक. त्याचं पोट टेबलाला टेकलेलं असतं, तरी ‘कारखाना झेपेल का’ असं त्याला कुणी विचारत नाही. बँकेचा मॅनेजरही विचारत नाही. साहेब दोन जिने चढून धापा टाकत आले, तर शिपाई पंखा लावतो. तीच धाप उमेदवाराला लागली, तर फाइल बंद होते. वजनाची चौकशी पगार देणाऱ्याची होत नाही, मागणाऱ्याचीच होते.

आणि जिथं वजन हेच काम आहे, तिथं तर हा प्रश्न निघतच नाही. सिमेंटची गोणी ५० किलोंची. ती पाठीवर घेऊन ट्रक भरणाऱ्या हमालाला आजवर कुणी त्याचा बॉडी मास इंडेक्स विचारलेला नाही. एकट्या पुरुषानं वाहायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो असावी, असं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९६७ मध्ये सुचवलं. आपल्या राज्यात माथाडी-हमालांचा कायदा १९६९ मध्ये झाला. त्यांच्या पाठीवरचं ओझं कमी व्हावं म्हणून हमाल पंचायतीनं वर्षानुवर्षं भांडण केलं. पन्नाशीच्या घरातला, सुकलेला हमाल स्वतःच्या वजनाएवढी गोणी उचलतो, तेव्हा त्याला ‘झेपेल का’ असं विचारायला हवं. तिथं सगळे गप्प असतात.

महामार्गावर ठिकठिकाणी वजनकाटे आहेत. ट्रक आधी रिकामा चढतो, त्याचं वजन लिहितात. मग भरून चढतो, तेही लिहितात. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की माल किती ते निघतं, आणि पैसे मोजायचे ते फक्त मालाचे. ट्रक जुना आहे, थोराड आहे, त्याच्या मागे लिंबू-मिरची लटकली आहे, याच्याशी व्यापाऱ्याला कर्तव्य नसतं. इतका साधा व्यवहार आम्हाला कापसात कळतो, मक्यात कळतो, कांद्यात कळतो. माणूस काट्यावर आला की मात्र आम्ही नुसता ट्रक मोजतो आणि माल न बघताच परत पाठवतो.

हे जमत नाही असं थोडंच आहे? आमच्या गल्लीतल्या त्या मुलीला शेवटी नोकरी दिली ती दोंडाईच्याच्या एका मिरचीच्या व्यापाऱ्यानं. त्याची मुलाखत घ्यायची पद्धत फार जुनाट. त्यानं चहा मागवला नाही, व्यक्तिमत्त्वाकडे पाहिलं नाही, चष्म्यावरून एकदा बघून वही पुढे सरकवली. म्हणाला, ‘यात साडेसहाशे रुपयांचा मेळ बसत नाही, बघ बरं.’ ती वही घेऊन बसली. तासाभरानं तिनं चूक दाखवली. एका पावतीची नोंद दोनदा झाली होती. व्यापाऱ्यानं विचारलं, ‘सोमवारपासून येशील?’ दुकानात मिरचीच्या ठसक्यानं येणारा-जाणारा शिंकत असतो, त्यामुळे तिथं कुणाचंच व्यक्तिमत्त्व प्रसन्न दिसत नाही. ही एक जास्तीची सोय.

वजन आड येणारी कामं आहेत, नाही असं नाही. टॉवरवर चढणाऱ्याच्या पट्ट्याला किती भार सोसतो ते ठरलेलं असतं. अरुंद टाकीत उतरायचं असेल तर अंगकाठी पाहावीच लागते. तिथं पाटीवर स्पष्ट आकडा लिहावा आणि शेजारी कारण लिहावं. वाचणारा आपणच हिशोब करील आणि त्याची एक फेरी वाचेल. जिथं कारण लिहिता येत नाही, तिथं ती अट नसून आवड असते. आणि आवडीनिवडीवर माणसाची रोजीरोटी ठरवायची नसते.

तेव्हा नरडाण्याच्याच नव्हे, धुळ्या-जळगावच्याही सगळ्या शेठसाहेबांना हात जोडून एवढंच सांगणं: उमेदवार आला की त्याला तासभर काम देऊन बघा. जमलं तर ठेवा, नाही जमलं तर खुशाल नाही म्हणा. पण का नाही, ते त्याच्या तोंडावर सांगा. आणि उद्या नवी पाटी रंगवायला द्याल, तेव्हा प्रसन्न व्यक्तिमत्त्वाची ती शेवटची ओळ गाळून टाका. रंगाऱ्याचा तेवढाच रंग वाचेल, आणि त्या जागी पगाराचा आकडा लिहायलाही जागा होईल.